‘२ ओहम’चा घोळ: गाडीच्या साउंडच्या कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

सामान जमलं. हेड युनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर) मागेच बदललं होतं, त्याला आरसीएच्या (सिग्नल बाहेर नेणाऱ्या केबलच्या) तीन जोड्या आहेत. पुढच्या दारांत ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) नवे कंपोनंट स्पीकर बसवून झालेत. मागच्या दारांत कंपनीचेच जुने स्पीकर ठेवणार आहे. त्यात भर म्हणून एक जुना चार चॅनेलचा अ‍ॅम्प (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर; क्लास एबी जातीचा, चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा), एक नवा मोनोब्लॉक (एकट्या सबसाठीचा अ‍ॅम्प, क्लास डी जातीचा), १२ इंची सब (सबवूफर, खोल बेसचा स्पीकर) आणि त्याची बंद पेटी.

हेड युनिटवर ‘५० वॉट × ४’ छापलंय. मग वेगळा अ‍ॅम्प कशाला, असं घरात विचारलं गेलं. आतली चिप गाडीच्या १४.४ व्होल्टवरच चालते. त्यातून फार तर १०.२ व्होल्ट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारे, क्षणभराच्या शेंड्याचे नव्हे) निघतील आणि ४ ओहमवर त्याचे जेमतेम २६ वॉट होतात. तेही कागदावर, प्रत्यक्षात वीसेक.

मोनोब्लॉकच्या खोक्यावर तर ‘१५०० वॉट’ असं पाटीएवढ्या अक्षरांत. माहितीपत्रकात मात्र ४ ओहमला २५० आणि २ ओहमला ४५० वॉट आरएमएस, किमान भार २ ओहम (याहून कमी ओहम जोडले तर झेपणार नाही इतकी वीज ओढली जाते). खरं काय ते फ्यूज सांगतो. अ‍ॅम्पवर २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ५० गुणिले १४.४ म्हणजे ७२० वॉट आत जाणार, त्यातले ऐंशी टक्के बाहेर आले तरी पावणेसहाशेच्या वर काही नाही. दीड हजार वॉट हा फक्त खोक्याचा आकडा.

सब ‘२ ओहम’चा, अ‍ॅम्पही ‘२ ओहम’ चालवणारा. जोडी जमली म्हणून खूश होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पॉवर वायर बॉनेटमधून डिकीपर्यंत ओढली. फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) रबरी ग्रॉमेट असलेलं भोक शोधण्यातच दीड तास गेला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ८० अँपिअरचा फ्यूज. अर्थ (ऋणाची, गाडीच्या बॉडीला जोडायची वायर) मागच्या सीटच्या बोल्टला दिला. आरसीए दुसऱ्या बाजूने नेले. स्पीकरमध्ये अल्टरनेटरची (इंजिनवरच्या जनित्राची) शिट्टी नको म्हणून एवढी काळजी घेतली आणि ती अजून तरी आलेली नाही.

सबला चार टर्मिनल, दोन लाल आणि दोन काळी. लाल-लाल एकत्र, काळी-काळी एकत्र करून अ‍ॅम्पला दिली. पहिलं गाणं लावलं आणि आरसा थरथरला. अर्धा तास अगदी मजेत गेला.

मग आवाज थोडा वाढवला आणि अ‍ॅम्पचा लाल दिवा लागला. प्रोटेक्शन, म्हणजे स्वतःला वाचवायला तो बंद पडला. बंद करून सुरू केला की पुन्हा दोन मिनिटं चालतो आणि पुन्हा लाल.

एक गोष्ट विचित्र वाटली, लिहून ठेवतो. सगळ्यात खोल ठोक्याला अ‍ॅम्प बंद पडत नाही. बेस गिटारच्या जरा वरच्या सुरांना पडतो. मला वाटलं होतं उलट होईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर अ‍ॅम्पच खराब आहे असं धरून चाललो होतो. परत पाठवायला खोक्यात भरलासुद्धा. टेप लावायच्या आधी सहज सबवर मल्टीमीटर धरला.

आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या, ०.२ ओहम आले. ही वायरींचीच बाकी, ती प्रत्येक आकड्यातून वजा करायची. इतक्या लहान आकड्यांत ०.२ सोडून चालत नाही.

सबच्या आत तारेची दोन वेटोळी, म्हणजे कॉइल, आहेत. एक कॉइल १.८. दुसरी १.८. दोन्ही पॅरलल, म्हणजे मी जोडल्या होत्या तशा: ०.९.

मीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स. छापील इम्पीडन्सपेक्षा (आवाजाच्या बदलत्या विजेला होणाऱ्या विरोधापेक्षा) तो थोडा कमीच येतो, ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो. म्हणजे १.८ ही २ ओहमची कॉइल आणि ०.९ म्हणजे १ ओहमचा भार. सबवरचं ‘२ ओहम’ हे *एका* कॉइलचं होतं. खोक्यावर ‘२+२’ लिहिलेलं होतं, त्यातलं अधिकचं चिन्ह मी वाचलंच नाही.

आता या सबपासून करता काय येतं? पॅरलल केला की १, सिरीज केला की ४. दोन येतच नाही. एकच कॉइल वापरून २ मिळवता येईल, पण मग अर्धी मोटर रिकामी राहते आणि सबची ताकद सहन करायची क्षमताही निम्मी होते. मला हवा होता ‘४+४’चा सब, तो पॅरललमध्ये बरोब्बर २ झाला असता. दोन्ही सब दिसायला सारखे, किंमत सारखी, फरक फक्त त्या दोन आकड्यांत. आणि मी दोन्ही आकडे न जुळवता आधी अ‍ॅम्प घेतला, मग सब.

अ‍ॅम्प खोक्यातून परत बाहेर काढला. बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

१५ नोव्हेंबर, रात्री

ही नोंद लिहायला लाज वाटते, पण अशीच चूक दुसऱ्या कुणाची होऊ शकते.

सब सिरीजमध्ये घ्यायचा ठरवला. सिरीज म्हणजे पहिल्या कॉइलचा काळा दुसऱ्या कॉइलच्या लालला, आणि उरलेली दोन टोकं अ‍ॅम्पला. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात मी काळा काळ्याला जोडला. मीटरने तपासलं तर ३.६, अगदी हवे तितके. मीटरला लाल-काळा कळत नाही.

गाणं लावलं. सब गप्प. आवाज वाढवला, तरी गप्प. आणखी वाढवला. दहा-बारा सेकंदांत गरम वार्निशचा वास आला.

झालं होतं असं की एक कॉइल शंकूला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) पुढे ढकलत होती आणि दुसरी मागे ओढत होती. शंकू जागचा हलेना, म्हणून आवाज नाही. वीज मात्र दोन्हींतून पूर्ण वाहत होती. शंकू हलतो तेव्हा कॉइलला थोडी हवा मिळते, इथे तीही नाही. सगळे वॉट नुसते उष्णतेत गेले.

सब वाचला. थंड झाल्यावर दोन्ही कॉइल पुन्हा १.८, शंकू हाताने दाबला तर खरखर नाही. यापुढे मीटरनंतर दीड व्होल्टच्या साध्या सेलची चाचणी केल्याशिवाय अ‍ॅम्प जोडायचा नाही. सेलचं धन टोक सबच्या धनाला, ऋण ऋणाला क्षणभर टेकवलं की शंकू टचकन बाहेर आला पाहिजे. नाही हलला तर कॉइल उलट्या आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

सेलने तपासून सिरीज जोडला. अ‍ॅम्प तासभर चालला, एकदाही लाल दिवा नाही. हाताला कोमट.

मिळतायत २५० वॉट, हवे होते ४५०. दुःख होतंच. मग गणित केलं तेव्हा कळलं की हा फरक अडीच डेसिबलचा आहे. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ज्या दोनशे वॉटसाठी मी आठवडाभर चिडचिड केली ते आवाजाच्या बटणावरचे एक-दोन काटे आहेत.

तरी समाधान झालं नाही, कारण दुसरीच कटकट दिसली. ठोक्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे मिचमिचतायत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा पूर्ण दिवस वायरीवर. कामाच्या मानाने सगळ्यात मोठा फायदा याच दिवशी झाला, म्हणून सविस्तर.

इंजिन चालू, दोन्ही अ‍ॅम्प जोरात, पॉवर वायरवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती पकडून करंट मोजणारा). ४० अँपिअर. त्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर १४.० व्होल्ट आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.६. मधल्या मधे १.४ व्होल्ट गायब.

कुठे गेले ते शोधायला लांब वायरीचा एक तुकडा लागतो, बाकी काही नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन बॅटरीच्या धनाला, दुसरी अ‍ॅम्पच्या धनाला लावली: ०.८. मग एक पिन बॅटरीच्या ऋणाला, दुसरी अ‍ॅम्पच्या अर्थला: ०.६. म्हणजे दोन्हीकडे गळती. भार चालू असतानाच मोजायचं, बंद अवस्थेत दोन्हीकडे शून्य दिसेल आणि सगळं ठीक वाटेल.

अर्थचं कारण लगेच सापडलं. सीटच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर होता. मी तो खरवडलाच नव्हता. शिवाय सीटचा बोल्ट ही अर्थची जागाही नाही. डिकीत पत्र्यावर नवी जागा निवडली, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) आवळला, वरून गंज लागू नये म्हणून रंग मारला. ०.६ चे ०.०५ झाले.

धनाची वायर हे मोठं प्रकरण निघालं. किट ‘४ गेज’ म्हणून घेतलं होतं. ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर तांबं. टोक सोललं तर आत जेमतेम आठेक चौरस मिलिमीटरची तार, बाकी सगळं जाड आवरण. तारेची एक काडी ब्लेडने खरवडली तर आत रुपेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज वाहून नेतं. म्हणजे अर्ध्याहून बारीक, वर हलक्या धातूची. यातून ४० अँपिअर जाताना व्होल्ट गळणारच.

आणि माझा ८० अँपिअरचा फ्यूज त्या बारीक वायरीवर होता. कुठे घासून बॉडीला टेकली असती तर फ्यूज उडायच्या आधी वायर पेटू शकली असती. फ्यूज अ‍ॅम्पला नाही, वायरीला वाचवायला असतो. हे मला माहीत होतं, पण वायर खरंच तेवढी जाड आहे का हे मी बघितलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

किट भंगारात. त्याचे पैसे बुडाले. त्याऐवजी २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घेतली. वळायला मऊ, माप खरं. तेलाचा आणि इंजिनच्या उष्णतेचा त्रास होऊ नये म्हणून बॉनेटच्या भागात वरून नालीदार पाइप घातला. लग हातोडीने ठोकून बसवायचा मोह झाला होता, पण मागून आणलेल्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले.

तोच ४० अँपिअरचा भार: धनाच्या बाजूला ०.२. अ‍ॅम्पवर आता १३.७ च्या वर. माझ्या मोनोब्लॉकचा आतला सप्लाय रेग्युलेटेड नाही, आत जितके व्होल्ट येतील त्या प्रमाणात बाहेर देतो. वॉट व्होल्टच्या वर्गाने बदलतात, म्हणजे १४.० च्या जागी १२.६ मिळत होते तेव्हा वायरीमुळे जवळपास पाचवा हिस्सा ताकद बुडत होती. दिवे मिचमिचणं थांबलं.

वेळ: दोन दिवसांचे मिळून अकरा तास. पहिल्याच वेळी योग्य वायर घेतली असती तर चार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दारं. बेत असा होता की चार चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज करायचा, दोन चॅनेलचे एक करून, आणि त्यावर एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही स्पीकर पॅरलल. अ‍ॅम्पवर लिहिलंय ‘२ ओहम स्टेबल’, दोन ४ ओहमचे पॅरलल म्हणजे २. जमतंय की!

यावेळी आधी कागदावर काढलं आणि तिथेच अडलो. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला भाराचा अर्धाच वाटा दिसतो. २ ओहम जोडले तर प्रत्येक चॅनेल १ ओहम ओढतोय. म्हणून ‘२ ओहम स्टेबल’ अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ च्या खाली नेता येत नाही, आणि माहितीपत्रकात ते बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं.

बरं झालं थांबलो, कारण मागच्या दारांचे स्पीकर काढून मोजले तर १.७! कंपनीचे स्पीकर ४ ओहमचेच असतात हा माझा भ्रम होता. हे २ ओहमचे आहेत. माझा ब्रिजचा बेत तडीस गेला असता तर ४ आणि २ पॅरलल, म्हणजे १.३३, आणि प्रत्येक चॅनेलला ०.६७. धूरच.

आता सरळ एका चॅनेलला एक स्पीकर. पुढे ४ ओहमला ६० वॉट, मागे २ ओहमला ८५. गंमत बघा, ज्या किरकोळ स्पीकरना कमी द्यायचं त्यांनाच अ‍ॅम्प जास्त देतो. त्याचा बंदोबस्त गेनने (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाने).

६ डिसेंबर, शनिवार

गेन. आतापर्यंत मी ते बटण व्हॉल्यूमसारखं फिरवत होतो, आणि बेस बूस्ट ९ डेसिबलवर होता. ९ डेसिबल म्हणजे आठपट वॉटची मागणी. २५० वॉटचा अ‍ॅम्प ती कुठून पुरवणार? तो लाटेचे शेंडे कापतो. पुरत्या कापलेल्या चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद असते, आणि सब जळतात ते बहुधा असेच. बूस्ट शून्यावर, इक्वलायझर सपाट.

पद्धत: स्पीकर सोडवून ठेवायचे, हेड युनिट तीन चतुर्थांशवर (माझ्याकडे ४० पैकी ३०), ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावायचा, अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट बघत गेन वाढवायचा. लक्ष्य म्हणजे वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. सबसाठी २५० × ४ = १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट.

मी २८ वर थांबलो. भाराशिवाय मोजलेले व्होल्ट भार आल्यावर टिकत नाहीत, विशेषतः रेग्युलेटेड नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये.

दारांच्या अ‍ॅम्पला तोच सूर लावला तर मीटर जवळपास शून्य. पाऊण तास आरसीए बदलून पाहिले, हेड युनिटच्या सेटिंगमध्ये घुसलो. चूक काय, तर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) चालू होता, त्यातून ५० हर्ट्झ येणार कसा! १००० हर्ट्झ लावला तर माझा साधा मीटर भलतंच दाखवायला लागला, स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात. शेवटी ३०० हर्ट्झवर काम झालं. पुढे १५.५ व्होल्ट. मागे २५ वॉटच्या हिशोबाने २५ × २ = ५०, वर्गमूळ ७ व्होल्ट.

पुढचा डावा स्पीकर उलट जोडलेला निघाला. सुलटा केल्यावर दारांचा हरवलेला बेस परत आला.

७ डिसेंबर, रविवार

९ नोव्हेंबरचं कोडं डोक्यातून जात नव्हतं: खोल ठोक्याला नाही, वरच्या सुरांना अ‍ॅम्प का पडायचा?

सब पेटीत, सिरीजमध्ये. अ‍ॅम्पमधून १२ व्होल्ट एसी येतील इतकाच आवाज. स्पीकरच्या एका वायरीचे क्लॅम्पभोवती दहा वेढे घेतले, म्हणजे लहान करंट दहापट दिसतो, मग दहाने भागायचं. व्होल्ट भागिले अँपिअर.

३५ हर्ट्झला १.२५ अँपिअर, म्हणजे ९.६ ओहम. ४५ ला अवघे ०.५५, म्हणजे २२ ओहम! ८० ला २.५, म्हणजे ४.८. १२० ला ३.१, म्हणजे ३.९.

‘४ ओहम’चा सब एका जागी २२ ओहमचा आहे. ४५ हर्ट्झच्या आसपास या पेटीतल्या सबचा स्वतःचा रेझोनन्स (नैसर्गिक थरथरीचा सूर) आहे, तिथे शंकू थोड्याशा विजेत भरपूर हलतो आणि अ‍ॅम्पकडून फार काही मागतच नाही. छापलेला आकडा खरा ठरतो तो १०० हर्ट्झच्या आसपास. पॅरललमध्ये हे सगळे आकडे चौथाई होतात: ४५ ला साडेपाच ओहम, १२० ला जेमतेम १. म्हणून खोल ठोका अ‍ॅम्पने निमूट सोसला आणि बेस गिटारने त्याला पाडला.

एक मित्र म्हणतो, मग पॅरललच ठेव की, पेटीत इम्पीडन्स वाढतोच. वाढतो, पण एका पट्ट्यात. अ‍ॅम्प पडतो तो सगळ्यात खालच्या आकड्याला, आणि गाणं काही मला विचारून ४५ हर्ट्झवर थांबत नाही.

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. २८ व्होल्टवर ८० हर्ट्झला १६० वॉटच्या आसपास हिशोब येतो, ४५ ला ३५ च्या आसपास. माझे ‘२५० वॉट’ बहुतेक वेळ कुठेच नसतात. तरी गाडीत बसवत नाही इतका आवाज आहे.

सब ४ ओहमवरच राहणार. असाच आणखी एक ‘२+२’ मिळाला तर प्रत्येक आपापला सिरीज आणि मग दोघं पॅरलल, म्हणजे बरोब्बर २ ओहम आणि ४५० वॉट. पण मग डिकीत सामान ठेवायला जागा उरत नाही, हा मुद्दा घरातून आलेला आहे.

उरलेलं काम: ४५ हर्ट्झला नंबर प्लेट ताशासारखी वाजते. मागे फोमची पट्टी लावायची. डिकीच्या झाकणाला आतून ब्यूटिल शीट (थरथर दाबणारी चिकट पट्टी), तेवढी एक शिल्लक आहे.